कथालेखकाची उमेदवारी

कथा लिहिणारा माणूस पहिल्या परिच्छेदातच वाचकाला शब्द देऊन बसतो. रहस्यकथेचा शब्द असा, की घातलेलं कोडं शेवटच्या पानापर्यंत सुटेल आणि ते सोडवायला लागणारं सगळं सामान वाचकाच्या हातात आधीच दिलेलं असेल. भयकथा झोप उडवण्याची हमी देते. ऐतिहासिक कादंबरी वाचकाला गेलेल्या काळात राहायला नेते, त्यामुळे तिथलं जेवण, पोशाख, बोलणं खरं असावं ही त्याची अपेक्षा रास्तच असते. साहित्यप्रकार म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला हा न लिहिलेला करार. तो मोडायला हरकत नाही, पण मोडणाऱ्याला आधी तो ठाऊक हवा.

वेगवेगळ्या प्रकारांत हात घालून पाहणाऱ्याला लिहिणं लवकर येतं, कारण प्रत्येक प्रकार लेखकाची वेगळी खोड पकडतो. विनोदात पाल्हाळ खपत नाही. भयकथेत घाई चालत नाही. ढोबळ माहिती इतिहासात उघडी पडते आणि सैल तर्क विज्ञानकथेत. एकाच प्रकारात आयुष्य काढणाऱ्याच्या काही खोडी जन्मभर पकडल्या जात नाहीत. मराठीत होतकरू लेखकाची पहिली कथा बहुधा आजोळच्या आठवणींची किंवा फिसकटलेल्या प्रेमाची असते. त्यात वावगं काहीच नाही. फक्त या दोन्ही विषयांत भावना इतकी पुढे असते, की रचनेतले घोळ ना लेखकाला दिसत ना वाचकाला.

मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी तीन वाटांनी झाली. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. तिच्यात विधवांच्या हालअपेष्टा आहेत. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, ती अद्भुताच्या वाटेने गेली. १८७१ साली रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली आणि तिने शिवकाळ निवडला. अवघ्या चौदा वर्षांत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक असे तीन प्रकार उभे राहिले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ या आपल्या साप्ताहिकातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही सामाजिक कादंबरी दिली आणि ‘उषःकाल’ ही ऐतिहासिकही. एका हाताने दोन्ही लिहिण्यात काही विशेष आहे असं त्या काळी कुणाला वाटलं नसावं.

विसाव्या शतकात मात्र मधे भिंत उभी राहिली. एका बाजूला ‘सत्यकथा’सारखी मासिकं आणि त्यांनी घडवलेली अभिरुची, दुसऱ्या बाजूला रोजच्या भाड्याने पुस्तकं देणारी गल्लीबोळांतली वाचनालयं. रहस्य, भय, प्रेम हे सगळं भाड्याच्या कपाटात गेलं आणि समीक्षकांनी त्या कपाटाकडे पाठ फिरवली. यात नुकसान नव्या लेखकांचंच जास्त झालं. कथा बांधायची कशी हे शिकवणारी बरीच पुस्तकं त्याच कपाटात होती.

एकच कुलूप

प्रकार बदलला की नेमकं काय बदलतं, हे समजून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे एकच प्रसंग अनेक प्रकारांत लिहून पाहणं. समजा, रात्री साडेदहाची शेवटची एसटी फाट्यावर थांबते. साठीच्या सुमनबाई एकट्याच उतरतात आणि पिशवी सावरत घरापर्यंत येतात. दाराला कुलूप आहे, पण ते उघडं, कडीत नुसतं अडकवलेलं.

रहस्यकथेत पुढचं वाक्य असं येईल: ‘कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडलेलं होतं, आणि किल्ली तर सकाळपासून सुमनबाईंच्या कनवटीला होती.’ भयकथेत: ‘आत दिवा नव्हता, पण तापलेल्या दुधाचा वास येत होता. या घरात रात्री दूध तापवणारं माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती.’ विनोदी लेखक म्हणेल: ‘नेण्याजोगं घरात एकच होतं, धाकट्या जावेने आहेरात दिलेलं पातळ. ते चोराने नेलं असलं तर बरंच, नाहीतर पुढच्या लग्नात ते कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागणारच होतं.’ विज्ञानकथेत: ‘कुलपाने नम्रपणे सांगितलं, की सुमनबाई सव्वाआठलाच घरी परतल्या आहेत.’ ग्रामीण कथेत अंधारातून आवाज येईल: ‘कुलूप म्यां काढलं, आक्का. शेरडं भिजत हुती, म्हनलं आत बांधावी.’ आणि मनाच्या तळाशी जाणारी कथा कदाचित एवढंच सांगेल: ‘सकाळी कुलूप लावायचं त्यांच्याकडूनच राहिलं होतं. दिवसभर घर उघडं होतं आणि कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं, हे लक्षात आल्यावर त्या उंबऱ्यावरच टेकल्या.’

बाई तीच, कुलूपही तेच. बदललं ते इतकंच, की वाचकाचं लक्ष कशाकडे वळवलं आणि कोणती माहिती हातची राखली. रहस्यकथेने किल्लीवर बोट ठेवलं, भयकथेने नाकाला साद घातली, विनोदाने सुमनबाईंच्या हिशेबी स्वभावाला. शेवटच्या कथेने तर कुलपाचं कोडं जागच्या जागी सोडवून टाकलं, कारण तिला त्यात रसच नव्हता. असे सहा परिच्छेद लिहायला एक संध्याकाळ पुरते. आपला कल कुठे आहे आणि आपल्याला काय जमत नाही, हे त्यातून चटकन कळतं.

रहस्य उलट्या टोकाने विणतात

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रं एका पिढीला घरच्या माणसांइतकी परिचयाची होती. इतक्या संख्येत सगळंच उत्तम असणं शक्य नाही आणि ते नाहीच. पण प्रकरणाचा शेवट कुठे करायचा, वाचकाने पान उलटलंच पाहिजे अशी वेळ कशी आणायची, हे ज्याला शिकायचं आहे त्याने अर्नाळकरांकडेच जावं.

रहस्यकथा लिहिताना शेवट आधी ठरतो. गुन्हा कुणी केला, का केला आणि कसा केला, याची सरळ हकिगत लेखकाने स्वतःपुरती लिहून ठेवायची असते. ही झाली घडलेली कथा. वाचकाला सांगायची कथा वेगळी. तिची सुरुवात गुन्हा उघडकीला येण्यापासून होते आणि ती मागे मागे जाते. नवख्या लेखकाची फसगत इथेच होते. तो पहिल्या पानापासून सुचेल तसा लिहीत जातो आणि शेवटी जुळा भाऊ, स्मृतिभ्रंश किंवा स्वप्न यांपैकी कुणाला तरी मदतीला बोलावतो.

दुसरी गोष्ट दुव्यांची. दुवा लपवायचा नसतो, उघड्यावरच ठेवायचा असतो, पण वाचकाची नजर त्यावर ठरू द्यायची नसते. एक नमुना पाहा. एका निवृत्त कारकुनाचा मृतदेह त्याच्या खोलीत सापडतो. लेखक खोलीचं वर्णन करतो: कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, खिडकीत वाळत घातलेला पंचा, टेबलावर चष्म्याचं घर, घडी न मोडलेला पेपर, औषधाची रिकामी बाटली. वाचक बाटलीपाशी थांबतो, कारण ती यादीच्या शेवटी आहे आणि औषध म्हटलं की संशय येतोच. खरा दुवा पेपरचा आहे. शेजारी म्हणतो, मी त्यांना सकाळी नऊला गॅलरीत पाहिलं. पण रोज साडेसहाला पेपर हातात घेणाऱ्या माणसाने तो उघडलेलाच नाही, म्हणजे शेजारी खोटं बोलतो आहे. ही सवय मात्र चार-पाच पानं आधीच, सहज बोलण्याच्या ओघात, येऊन गेलेली हवी. शेवटी गुप्तहेराने ती पहिल्यांदा सांगितली तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं.

सुहास शिरवळकरांनी ही तालीम पुरेपूर घेतली होती. बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद या नायकांच्या वेगवान कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाची ‘दुनियादारी’ ही कॉलेजच्या कट्ट्यावरची कादंबरी आजही तरुण वाचक शोधत येतात. तिच्यात गुन्हा नाही, तपास नाही. पण कोणाबद्दल काय, कधी आणि किती कळू द्यायचं, याचं भान रहस्यकथेतून आलेलं आहे.

भयकथेत माहितीपेक्षा वेग महत्त्वाचा, आणि वेग म्हणजे इथे संथपणा. नारायण धारपांच्या कथांतली माणसं बहुधा मध्यमवर्गीय, नोकरीपेशाची असतात. घर, जागेची अडचण, पाहुणे असं ओळखीचं जग आधी उभं राहतं आणि मग त्यात काहीतरी खटकू लागतं. वाडा पडका, रात्र अमावास्येची आणि वटवाघूळ हजर, अशी सुरुवात केली की वाचक सावध होतो, आणि सावध माणूस घाबरत नाही. भरदुपारी, स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे जे घडतं ते अंगावर येतं. धारपांच्या कथेची प्रेरणा ‘तुंबाड’ या २०१८ सालच्या हिंदी चित्रपटामागे होती. तो पाहून कितीतरी नवे वाचक धारपांच्या जुन्या पुस्तकांकडे वळले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणखी एक पाऊल आत जातात. तिथे भूत आहे की नाही हा प्रश्न पुष्कळदा शेवटपर्यंत सुटत नाही, आणि माणसाच्या मनातली विकृती भुतापेक्षा जास्त भिववते.

एक गृहीत, बाकी सगळं काटेकोर

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाच्या दबदब्याचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून उतरवून घेतली होती. जगभर नाव असलेला खगोलशास्त्रज्ञ कथालेखनात उमेदवार म्हणून रांगेत उभा राहिला, ही गोष्ट प्रत्येक नवोदिताने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हेच नारळीकर पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या प्रकाराचा वस्तुपाठ आहे. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आल्यामुळे देशभरातल्या विद्यार्थ्यांनी ती वाचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ सालची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. कथेत कल्पनेची उडी एकच. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निसटून गेली. त्यानंतर जे जे येतं ते त्या एका फरकातून पायरीपायरीने निघतं: पेशव्यांची सत्ता टिकली, ईस्ट इंडिया कंपनी मर्यादित राहिली, मुंबईचे रस्ते आणि इमारती वेगळ्या झाल्या. गंगाधरपंत इतिहासकार असल्यामुळे ते थेट एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळतात, म्हणजे माहिती देण्याचं काम पात्राच्या स्वभावातूनच होतं. भाषणबाजी करणारा शास्त्रज्ञ आणायची गरज पडत नाही.

मराठीतल्या पुष्कळ विज्ञानकथा याच ठिकाणी घसरतात. एक प्राध्यापक, एक जिज्ञासू पुतण्या आणि दोन पानांचा तास. वाचकाला विज्ञान नको असतं असं नाही. त्याला ते कुणाच्या तरी अडचणीतून कळायला हवं असतं. यंत्र कसं चालतं यापेक्षा ते बिघडल्यावर घरात काय होतं, ही कथा. आणि गृहीत एकाच्या वर गेलं, म्हणजे कालप्रवासही आहे, परग्रहवासीही आहेत आणि मनकवडा यंत्रमानवही, की कशावरच विश्वास बसत नाही.

ठेच्याचा प्रश्न

ऐतिहासिक लेखनात वाचकाला शेवट आधीच माहीत असतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि १९६४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण पुढे काय होणार ही उत्कंठा तिथे नसतेच. कसं झालं असेल ही असते. दरबारातला कडक पेशवा आणि माजघरातला नवरा यांच्यातलं अंतर हे त्या कादंबरीचं खरं कथानक आहे.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’कडून वेगळी गोष्ट शिकता येते. १९६७ सालच्या या कादंबरीत कर्णाची कहाणी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण सांगतात. शस्त्रांच्या आखाड्यात कर्ण उतरतो तेव्हा कुंतीला जे दिसतं ते दुर्योधनाला दिसत नाही आणि त्याला जे दिसतं ते शोणाला कळत नाही. निवेदक बदलला की घटना बदलते, हे शिकवण्यासाठी मराठीत याहून सोयीचं उदाहरण क्वचितच सापडेल. ही पद्धत उचलण्याआधी एवढंच पाहावं, की सहा निवेदक सहा तऱ्हांनी बोलतात की नाही. सगळे सारख्याच अलंकारांत बोलत असतील तर निवेदक एकच आहे असं समजायचं.

तपशिलांची कसोटी सगळ्यात निर्दय. यादवकाळातल्या देवगिरीत कुणी भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली की कादंबरी तिथेच बसली. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. युरोपीय दर्यावर्दी इकडे पोचल्यानंतर ती आपल्याकडे आली. तेव्हाच्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. वेळेचंही तसंच. पेशवाईतला शिलेदार ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणणार नाही. त्याच्याजवळ पळ, घटका आणि प्रहर आहेत. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. मात्र वाचलेलं सगळं कथेत ओतायचा मोह आवरावा लागतो. दहा बखरी वाचून त्यांतल्या दोन गोष्टी वापरणारा लेखक हा धडा शिकला असं म्हणावं. संवादांत दर वाक्याला ‘आज्ञा, महाराज’ घातल्याने इतिहास येत नाही, नाटकमंडळी येतात.

बोली, हशा आणि प्रेम

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ धनगरवस्तीवर आलेल्या तरुण शाळामास्तराच्या तोंडून सांगितलेली आहे. निवेदन साधं, आटोपशीर प्रमाण मराठीत; गावकऱ्यांचं बोलणं माणदेशी. निवेदक बाहेरून आलेला असल्यामुळे ही विभागणी आपोआप पटते आणि वाचकालाही त्याच्याबरोबर गाव हळूहळू कळत जातं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोलीचं असंच सामर्थ्य आहे. बोली लिहिताना उच्चारांची हुबेहूब नक्कल करायला गेलं की पान वाचता येत नाही. लय, शब्दांचा क्रम आणि चार-दोन ठसठशीत शब्द एवढ्याने काम भागतं. जी बोली कानावरून गेलेली नाही ती लिहायला जाऊच नये. सिनेमातून उचललेलं ‘काय रं गड्या’ खेड्यातल्या वाचकाला लगेच ओळखू येतं. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं. समोर बसलेल्या माणसांनी कुठे चुळबुळ केली, कुठे श्वास रोखला, हे त्यांना तिथल्या तिथे कळत होतं.

विनोदी कथेत निवेदकाला आपण हास्यास्पद आहोत याचा पत्ता नसावा. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती अत्यंत गंभीरपणे, जवळजवळ पोक्त सल्लागाराच्या थाटात सांगतो, म्हणून हसू येतं. लेखकच आधी हसू लागला की वाचक थांबतो. उद्गारचिन्हं, ‘गंमत म्हणजे’ असली सूचना आणि विनोदाचं स्पष्टीकरण ही तिन्ही पहिल्या खर्ड्यानंतर काढून टाकली की बहुतेक विनोदी कथा सुधारतात. वाक्यातला हसवणारा शब्द शेवटी यावा, हा नियम मराठीत थोडा अवघड जातो, कारण आपल्याकडे वाक्याच्या शेवटी क्रियापद बसलेलं असतं. त्यामुळे क्रियापदच मजेशीर निवडावं लागतं किंवा वाक्याची मोडतोड करावी लागते.

प्रेमकथेबद्दल थोडक्यात. अडथळा खरा असेल तरच ती उभी राहते. पूर्वी जात, पैसा, वडिलांचा शब्द पुरत असे. आज दोघांच्या हातात फोन असताना केवळ गैरसमजावर शंभर पानं ओढता येत नाहीत. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली निकाल काकोडकरांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट तुफान चालला. त्यांच्या कादंबऱ्या समीक्षेने कधी हिशेबात धरल्या नाहीत, पण स्त्री-पुरुषांतला ताण संवादांतून कसा वाढवायचा, याचे धडे त्यांत आहेत.

मुलांसाठी लिहिणं सोपं समजून अनेक जण तिथून सुरुवात करतात आणि तिथेच आपटतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे का टिकला, याचं एक कारण म्हणजे संकटातून वाट तो स्वतः काढतो. ऐनवेळी काका, मास्तर किंवा पोलीस येऊन त्याची सुटका करत नाहीत. मोठी माणसं कथेतून पटेल अशा कारणाने बाजूला कशी काढायची, ही बालसाहसकथेतली पहिली अडचण असते.

तंत्र आणि त्याचा कंटाळा

कथालेखन शिकवता येतं, असं मराठीत ठामपणे मांडलं ते ना. सी. फडक्यांनी. १९३१ सालच्या ‘प्रतिभासाधन’मध्ये त्यांनी कथानकाची बांधणी, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, उकल, पात्रचित्रण यांची रीतसर मांडणी केली. त्या पुस्तकाने अनेकांना लिहितं केलं, आणि त्याच साच्यातल्या घोटीव कथांचा पूरही आणला. १९४५च्या सुमाराला गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने हा साचा झुगारला. कलाटणी देणारा शेवट गेला. मनाची एखादी अवस्था, एखादा चुकार क्षण एवढ्यावर कथा उभी राहू लागली. नवोदिताने हे दोन्ही करून पाहावं, आणि याच क्रमाने. ज्याला गाठ मारता येत नाही त्याची सैल कथा सैलच राहते.

गाडगीळांचंच पाहा. नवकथेचा हा अध्वर्यू ‘बंडू’च्या विनोदी कथाही लिहीत होता, आणि लोकमान्य टिळकांवर ‘दुर्दम्य’ ही भलीमोठी चरित्रात्मक कादंबरीही त्याने लिहिली. मतकरींच्या खात्यावर गूढकथांबरोबर ‘अलबत्या गलबत्या’सारखं बालनाट्य आहे आणि ‘लोककथा ७८’सारखं दलितांवरच्या अत्याचाराला थेट भिडणारं नाटकही. त्या नाटकातली दहशत उभी करणारा हात गूढकथेत तयार झाला होता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

प्रकारांची सरमिसळ यानंतरची पायरी. एका प्रकाराने पाया धरावा, दुसऱ्याने चव आणावी. दोघांनी समान हक्क मागितला की कथा फुटते. ऐतिहासिक रहस्यकथेत कोडं पाया असेल तर इतिहासाचा प्रत्येक तपशील कोड्याच्या कामी यायला हवा, नाहीतर तो कितीही दुर्मीळ असला तरी वगळावा. भय आणि विनोद मात्र एकत्र चांगले नांदतात, कारण दोघांचंही यश शेवटचा शब्द कुठे पडतो यावर असतं.

सराव कसा करावा याला फार मार्ग नाहीत. एखाद्या प्रकारातल्या चांगल्या दहा कथा वाचाव्यात, त्यांतली एक पुन्हा वाचताना प्रत्येक परिच्छेदासमोर समासात लिहावं, की इथे वाचकाला नवीन काय कळलं. रहस्यकथेचा समास भरगच्च निघतो, नवकथेचा मधे मधे कोरा. मग स्वतःच्या कथेचा समास असाच भरून पाहावा. सलग दीड पान कोरं निघालं तर तिथे वर्णन साचलेलं असतं. पहिला खर्डा निदान आठवडाभर बाजूला ठेवून मोठ्याने वाचला की अडखळणारी वाक्यं जिभेलाच सापडतात.

कथा पाठवताना प्रकार आणि ठिकाण यांचा मेळ घालावा लागतो. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि आजही मराठी कथेची मोठी बाजारपेठ तीच आहे. रहस्य, गूढ आणि विज्ञानकथांना ‘धनंजय’सारखे अंक, विनोदाला ‘आवाज’सारखे, मुलांच्या कथांना वर्षभर ‘किशोर’ मासिक. मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धाही आहे. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याआधीच सुरू होते, त्यामुळे गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षाच्या ढिगात जाते. स्टोरीटेलसारख्या श्राव्य माध्यमांमुळे आता कानासाठी लिहिणंही आलं आहे. तिथे परिच्छेद दिसत नाहीत, मागचं पान उलटता येत नाही, आणि कोण बोलतंय हे अवतरणचिन्ह सांगू शकत नाही. म्हणून संवादाआधीच बोलणाऱ्याचं नाव किंवा हालचाल येऊ द्यावी, प्रसंग बदलताना जागा आणि वेळ पहिल्याच वाक्यात सांगावी, आणि एकाच कथेत रमेश, सुरेश आणि रमाकांत असे तिघे ठेवू नयेत.